शेतीपंपांच्या ११ केव्ही फीडरवरचं कमी व्होल्टेज: आधी केव्हीएआर, मग टॅप

रब्बी सुरू झाली की ग्रामीण उपकेंद्राच्या फोनवर एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येतं: "मोटार उचलत नाही." त्यावर ठरलेला उपाय म्हणजे उपकेंद्रातल्या रोहित्राचा टॅप (व्होल्टेजचं गुणोत्तर पायरीपायरीने बदलणारी जोडणी) एक-दोन पायऱ्या वर नेणं. दोन-चार दिवस फोन थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. महिन्याभरात टॅप वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि त्यानंतर यंत्रचालकाच्या हातात काहीच उरत नाही.

टॅप व्होल्टेज वाढवतो, पण तारेतून वाहणारा फुकटचा करंट कमी करत नाही. तो करंट रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा, म्हणजे केव्हीएआरचा (मोटारीचं चुंबकत्व टिकवणाऱ्या, पण प्रत्यक्ष काम न करणाऱ्या विजेचा) असतो, आणि शेतीच्या फीडरवर (उपकेंद्रातून निघून गावोगाव वीज नेणाऱ्या ११ केव्ही वाहिनीवर) त्याचं प्रमाण प्रचंड असतं. म्हणून कामाचा क्रम उलटा हवा: आधी मोजणी, मग लघुदाबाची (पंपापर्यंत जाणाऱ्या ४१५ व्होल्टच्या तारेची) दुरुस्ती, मग पंपावर कपॅसिटर (केव्हीएआर जागेवरच पुरवणारं उपकरण), मग फीडरवर कपॅसिटर आणि सगळ्यात शेवटी टॅप. शाखा अभियंता, यंत्रचालक किंवा फीडरची कामं घेणारा ठेकेदार यांना हा क्रम डोळ्यांसमोर ठेवून काम करता यावं, असं पाहिलं आहे. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा भागही मध्ये आहेच.

कुठे किती व्होल्टेज हवं

लघुदाबावर ६ टक्के वर-खाली चालतं. ३३ केव्हीपर्यंतच्या उच्चदाबावर ६ टक्के वर आणि ९ टक्के खाली. आकड्यांत सांगायचं तर ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजला ३९० ते ४४०, सिंगल फेजला २४० धरले तर साधारण २२६ ते २५४, ११ केव्हीला १०.०१ ते ११.६६ आणि ३३ केव्हीला ३०.०३ ते ३४.९८ केव्ही. हे आकडे पॅनेलजवळ चिकटवून ठेवा.

उपकेंद्राला येणारं ३३ केव्हीच मुळात ३० च्या खाली येत असेल तर तुमच्या फीडरवर कितीही कपॅसिटर लावले तरी पूर्ण उत्तर मिळणार नाही. अशा वेळी नोंदींसह वरच्या अतिउच्चदाब उपकेंद्राकडे आणि विभागाकडे लिहावं लागतं. तोंडी सांगून कुणी हलत नाही, सात दिवसांची अर्ध्या-अर्ध्या तासाची आकडेवारी जोडली की हलतात.

पायरी पहिली: घट नेमकी कुठे होते ते शोधा

"व्होल्टेज कमी आहे" ही माहिती पुरेशी नाही. उपकेंद्राचा बस (जिथून सगळे फीडर निघतात ती पट्टी), ११ केव्हीची लाईन, डीपी (शेताजवळचं छोटं रोहित्र) आणि लघुदाबाची तार अशा चार ठिकाणी घट होऊ शकते. प्रत्येकीचा उपाय वेगळा.

फीडर मीटरमधला लोड सर्व्हे (भाराची साठवलेली नोंद) किमान आठवडाभराचा उतरवा. शेतीच्या वीजपुरवठ्याच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळ्या बदलत असतात, म्हणून दोन्ही पाळ्या त्यात यायला हव्यात. किलोवॅट, केव्हीएआर, बसचं व्होल्टेज आणि करंट, हे चारही रकाने हवेत. नुसता पॉवर फॅक्टर पाहू नका. तो किलोवॅट आणि केव्हीए (दोन्ही मिळून एकूण वीज) यांचं गुणोत्तर आहे आणि गुणोत्तरं फसवतात.

नंतर फीडरच्या शेवटच्या टोकाच्या डीपीवर जा. तिथे ११ केव्ही मोजायला पीटी (व्होल्टेज मोजण्याचं रोहित्र) नसतो, पण डीपीलाच मोजमापाचं साधन करता येतं. त्या डीपीवरचे पंप पाच मिनिटं बंद ठेवून लघुदाबाच्या टर्मिनलवर फेज-टू-फेज व्होल्टेज घ्या. डीपीचं गुणोत्तर ११,००० ला ४३३ असतं. मीटरने ३८० दाखवले तर ११ केव्हीच्या बाजूला ३८० × ११,००० ÷ ४३३, म्हणजे ९.६५ केव्ही आहेत. मर्यादेच्या खाली. मोजताना बाकीच्या फीडरवरचा भार चालू असायला हवा, नाहीतर आकडा छान येतो आणि काहीच कळत नाही.

मग पंप सुरू करून दोन वाचनं घ्या: एक डीपीच्या टर्मिनलवर, एक सगळ्यात लांबच्या पंपाच्या स्टार्टरवर. पंप बंद असतानाचं आणि चालू असतानाचं डीपीवरचं वाचन यांतला फरक ही डीपीच्या आतली घट. भरलेल्या डीपीत ०.७५ पॉवर फॅक्टरला ती सुमारे ४ टक्के असते. डीपी आणि स्टार्टर यांतला फरक ही लघुदाब तारेची घट. ती २० व्होल्टच्या वर गेली तर रोग तारेत आहे.

पायरी दुसरी: लघुदाबाची साफसफाई

हे काम नीरस आहे, पण निम्म्या तक्रारी इथेच सुटतात असा माझा अनुभव आहे. सैल जंपर, जळके लग, किटकॅटमध्ये (फ्यूजमध्ये) घातलेली भलती तार, तुटलेलं न्यूट्रल, कोरडं पडलेलं अर्थिंग. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. एका फेजवर १४०, दुसऱ्यावर ९० असेल तर आधी भार वाटून द्या. असमतोलात मोटारीचं वाइंडिंग ज्या वेगाने तापतं त्याचा शेतकऱ्याला अंदाज नसतो.

तीन गोष्टींकडे विशेष लक्ष हवं. पहिली, ऑटो स्विच. वीज आली की एकाच क्षणी सगळ्या मोटारी सुरू होतात, प्रत्येक मोटार पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि कोसळलेल्या व्होल्टेजवर एकही मोटार वेग पकडू शकत नाही. इंडक्शन मोटारीची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ ऐवजी ३४० मिळाले तर ती दोन-तृतीयांशावर येते. दुसरी, सिंगल फेजच्या काळात कपॅसिटर लावून थ्री-फेज मोटार चालवणं. तिसरी, मंजूर ५ अश्वशक्तीच्या जागी बसवलेली साडेसातची मोटार. या तिन्हींवर तांत्रिक उपाय नाही, बोलण्याचाच आहे, आणि तो जनमित्रापेक्षा (वीज कंपनीच्या लाइनमनपेक्षा) गावातल्या जाणत्या पंपवाल्याने केला तर लवकर पटतो.

लघुदाब तार फार लांब असेल तर मोठी डीपी बसवून फायदा नाही. तिथे ११ केव्ही पुढे नेऊन १० किंवा २५ केव्हीएची छोटी रोहित्रं टाकायची. महाराष्ट्रात २०१८ पासून शेतीच्या नव्या जोडण्यांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली ती याच कारणाने.

पायरी तिसरी: पंपावर कपॅसिटर

पाच अश्वशक्तीच्या पंपाचं गणित करू. मोटार साधारण ४.७ किलोवॅट ओढते, पॉवर फॅक्टर ०.७५ च्या आसपास. म्हणजे ६.३ केव्हीए आणि त्यात ४.१ केव्हीएआर. करंट ८.७ अँपिअर. आता २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की ग्रिडमधून येणारे केव्हीएआर २.१ उरतात, केव्हीए ५.१५ वर येतात, पॉवर फॅक्टर ०.९१ होतो आणि करंट ७.२ अँपिअर. पंप तेवढंच पाणी देतो, तारेतून जाणारा करंट मात्र १८ टक्क्यांनी घटतो. शंभर केव्हीएच्या डीपीवर असे सोळा पंप असतील तर ती आधी काठोकाठ भरलेली असते, नंतर तिच्यावर ८२ केव्हीए राहतात.

ढोबळ मापं अशी: ३ अश्वशक्तीला १ केव्हीएआर, ५ ला २, साडेसातला ३, १० ला ४. यापेक्षा मोठा लावू नका. मोटारीच्या बिनभाराच्या केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपुढे कपॅसिटर गेला तर पुरवठा तुटल्यावर फिरती मोटार स्वतःच व्होल्टेज निर्माण करत राहते, आणि ते वाढलेलं असू शकतं.

कपॅसिटर स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटारीबरोबर तोही बंद होईल. तो ओव्हरलोड रिलेच्या पुढे, मोटारीच्या टर्मिनलवर बसवला तर रिलेला दिसणारा करंट कमी होतो, तेव्हा रिलेचं सेटिंगही त्या प्रमाणात खाली आणावं लागतं. हे बहुतेक जण विसरतात आणि मोटार जळाल्यावर दोष कपॅसिटरला देतात. कॉन्टॅक्टर आणि रिले यांच्या मध्ये जोडला तर सेटिंग बदलायची गरज नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या.

एवढं सोपं असून हे होत का नाही? कारण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला फायदा दिसत नाही. कारखान्याच्या उच्चदाब ग्राहकाला महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) बिल येतं. त्याचा पॉवर फॅक्टर घसरला की त्याच महिन्यात फटका बसतो, म्हणून त्याच्याकडे स्वयंचलित पॅनेल असतं. शेतीपंपांपैकी कितीतरी जोडण्यांचं बिल आजही अश्वशक्तीवर आहे. शेतकऱ्याने कपॅसिटर लावला तर वाचलेलं व्होल्टेज सगळ्या डीपीला मिळतं, त्याच्या एकट्याच्या वाट्याला फार थोडं येतं. म्हणून एकेकट्याला समजावण्यापेक्षा एका डीपीवरचे सगळे पंप एकाच दिवशी करून घ्या. दुसऱ्या दिवशी व्होल्टमीटरच बोलतो.

पायरी चौथी: फीडरवर कपॅसिटर, गणितासकट

११ केव्ही लाईनवरची घट काढायचं सोपं सूत्र असं: किलोवॅट गुणिले रेझिस्टन्स, अधिक केव्हीएआर गुणिले रिअ‍ॅक्टन्स, आणि या बेरजेला केव्हीने भागायचं. उत्तर व्होल्टमध्ये मिळतं.

समजा १५ किलोमीटरचा फीडर रॅबिट कंडक्टरचा (मध्यम जाडीच्या तारेचा) आहे. तापलेल्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.६ ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स ०.३७ ओहम धरू. भार २,००० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.७५, म्हणजे १,७६४ केव्हीएआर. भार लाईनभर सारखा पसरलेला असला की शेवटच्या टोकाची घट काढताना निम्मी लांबी, साडेसात किलोमीटर, धरायची.

किलोवॅटची घट: २,००० × ४.५ ÷ ११ = ८१८ व्होल्ट.
केव्हीएआरची घट: १,७६४ × २.७७५ ÷ ११ = ४४५ व्होल्ट.
एकूण १,२६३ व्होल्ट, म्हणजे साडेअकरा टक्के.

बसवर १०.९ केव्ही असतील तर टोकाला ९.६४ उरतात. वरच्या उदाहरणात डीपीवरून काढलेला आकडा जवळपास हाच आहे.

आता लाईनवर १,२०० केव्हीएआरचा कपॅसिटर संच उपकेंद्रापासून १० किलोमीटरवर बसवू. त्याने वाढणारं व्होल्टेज १,२०० × ३.७ ÷ ११ = ४०४ व्होल्ट. टोकाला १०.०४ केव्ही. मर्यादेच्या जेमतेम वर, पण वर.

दहा किलोमीटरच का? भार सारखा पसरलेला असताना एकच संच लावायचा असेल तर तो लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर आणि एकूण केव्हीएआरच्या दोन-तृतीयांश क्षमतेचा असला की हानी सर्वांत जास्त घटते. केव्हीएआरमुळे होणाऱ्या हानीचा नऊपैकी आठ हिस्सा जातो. आपल्या फीडरवर सुरुवातीला साधारण १७६ किलोवॅट हानी आहे, त्यातले ७७ किलोवॅट एकट्या केव्हीएआरचे. संच बसवल्यावर यातले ६८ वाचतात. रोज आठ तास पुरवठा धरला तर ५४० युनिटच्या वर. उपकेंद्राजवळचा करंटही १४० वरून १०९ अँपिअरवर येतो.

हेच काम टॅपने केलं असतं तर? १.२५ टक्क्याच्या तीन पायऱ्यांनी बस ११.३ वर नेला असता आणि टोकाला १०.०५ मिळाले असते. व्होल्टेज सारखंच, पण तारेतला करंट आणि हानी जवळपास होती तेवढीच. शिवाय त्याच बसवरच्या गावठाण फीडरलाही (गावातल्या घरांच्या फीडरलाही) विनाकारण ३.७५ टक्के जास्त.

दोन सावधगिऱ्या. पंपांवर कपॅसिटर आधीच लागले असतील तर संच लहान करा. २,००० किलोवॅटचे सुमारे सव्वाचारशे पंप होतात. सगळ्यांना २ केव्हीएआर लागले की ८५० केव्हीएआर पंपांजवळच भागतात, उरतात ९१४. तिथे ६०० चा संच पुरे, १,२०० लावला तर फीडर लीडिंगमध्ये जाईल, म्हणजे केव्हीएआर उलटे उपकेंद्राकडे वाहतील. दुसरी, कंडक्टर विझल (रॅबिटपेक्षा बारीक तार) असेल तर कपॅसिटरवर भिस्त ठेवू नका. त्याचा रेझिस्टन्सच किलोमीटरला १ ओहमच्या घरात असल्याने घटीतला मोठा वाटा किलोवॅटचा असतो. तिथे तार बदलणं किंवा फीडर तोडून दोन करणं हाच उपाय. जाड डॉग तारेवर उलट, तिथे कपॅसिटर चोख काम करतो.

शेतीचा स्वतंत्र फीडर बंद झाला की त्यावरचा संचही बंद होतो, त्यामुळे तिथे स्थिर संच चालतो. चोवीस तास चालणाऱ्या गावठाण किंवा मिश्र फीडरवर मात्र रात्रीच्या किमान केव्हीएआरएवढाच स्थिर संच ठेवा, बाकीचा स्वयंचलित स्विचवर. नाहीतर पहाटे तीन वाजता भार नसताना कपॅसिटर व्होल्टेज मर्यादेपार ढकलतो आणि गावातले बल्ब जातात.

पायरी पाचवी: उपकेंद्रातला संच आणि टॅप

बसवरचा कपॅसिटर संच ३३ केव्ही लाईनला आणि पॉवर रोहित्राला आराम देतो. ११ केव्ही फीडरवरची घट त्याने एक व्होल्टनेही कमी होत नाही, फक्त सुरुवातीचं व्होल्टेज वाढतं. हा फरक लक्षात न घेता बसवर संच बसवून टोकाच्या गावाला दिलासा मिळेल अशी आशा धरली जाते.

संच मोठा घेण्याआधी हार्मोनिकचा (५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरींचा) हिशेब करा. पाच एमव्हीएच्या, ७ टक्के इम्पीडन्सच्या रोहित्रामागची शॉर्ट-सर्किट क्षमता ७० एमव्हीएच्या आसपास असते. तिला संचाच्या १.२ एमव्हीएआरने भागून वर्गमूळ काढलं की ७.६ येतं, म्हणजे रेझोनन्स सातव्या हार्मोनिकच्या अगदी शेजारी. फीडरवर ड्राइव्हवाले उद्योग असतील तर ७ टक्क्यांचा सीरिज रिअ‍ॅक्टर घाला. त्याने ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर जातं, पाचव्याच्या बरंच खाली.

आता टॅप. भारावर बदलता येणारा टॅप असेल आणि त्यावर स्वयंचलित रिले असेल तर रिलेचा पट्टा एका पायरीच्या किमान दुप्पट, म्हणजे १.२५ च्या पायरीला २.५ टक्के ठेवा. विलंब ३० ते ६० सेकंद. पट्टा अरुंद ठेवला तर टॅप दिवसभर वरखाली करत राहतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात. भारावर न बदलणारा टॅप असेल तर रोहित्र दोन्ही बाजूंनी मृत करून, परमिट घेऊनच हात लावायचा, आणि बदलल्यावर तिन्ही फेजचं गुणोत्तर तपासल्याशिवाय चार्ज करायचं नाही. डीपीवर टॅप शोधत बसू नका. ११ केव्हीच्या १०० केव्हीएपर्यंतच्या डीपीला तो बहुधा नसतोच.

हंगाम संपला की टॅप खाली आणायची तारीख आधीच वहीत लिहून ठेवा. जूनच्या पहिल्या पावसात पंप बंद होतात, टॅप वरच राहतो आणि गावठाणात २६० व्होल्ट जातात.

कपॅसिटर हाताळताना

पुरवठा बंद केला तरी कपॅसिटर भरलेला असतो. आतला डिस्चार्ज रेझिस्टर ११ केव्हीच्या युनिटला दहा मिनिटं घेतो, आणि तो तुटलेला असू शकतो. दहा मिनिटं थांबा, मग डिस्चार्ज रॉडने प्रत्येक फेज अर्थ करा, तिन्ही फेज आपसात शॉर्ट करा, आणि त्यानंतरच हात लावा. संच पुन्हा चालू करतानाही हीच दहा मिनिटं पाळा.

दर तीन महिन्यांनी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. १,२०० केव्हीएआरला ११ केव्हीवर ६३ अँपिअर यायला हवेत. एका फेजवर ५० दिसले तर एखादा कॅन (संचातलं एक कपॅसिटर युनिट) गेला आहे. मात्र बसचं व्होल्टेज बघूनच निष्कर्ष काढा, कारण कपॅसिटरची क्षमताही व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ८५ टक्के व्होल्टेजला तो ७२ टक्केच देतो. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो हात आखडता घेतो. फुगलेला कॅन दिसला तर तो बदला, फ्यूज मोठा करू नका.

सौर प्रकल्प आल्यावर

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि शेतीला दिवसा वीज, अशी रचना आहे. यामुळे कामात दोन बदल झाले आहेत.

पहिला बदल मीटर वाचण्याचा. आपल्या २,००० किलोवॅटच्या भाराला दुपारी १,८०० किलोवॅट सौरमधून मिळाले तर ३३ केव्हीवरून फक्त २०० येतात. पण केव्हीएआर सगळे १,७६४ तिथूनच येतात. इनकमरवरचा (३३ केव्हीकडून येणाऱ्या जोडणीवरचा) पॉवर फॅक्टर ०.११ दिसतो आणि वरून खरमरीत पत्र येतं. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं, वरून येणारे किलोवॅट फक्त कमी झालेले असतात. उत्तर देताना पॉवर फॅक्टर नव्हे, केव्हीएआरचा आलेख जोडा. मागणी खरोखर कमी करायची असेल तर वरच्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडेच परतावं लागेल. किंवा प्रकल्पाच्या इन्व्हर्टरकडून केव्हीएआर मागता येतात. बहुतेक मोठ्या इन्व्हर्टरमध्ये ती सोय असते, करारात आणि सेटिंगमध्ये ती वापरली जात नाही एवढंच.

दुसरा बदल उलट दिशेचा. पावसाळी उघडिपीत पंप बंद आणि ऊन कडक, तेव्हा वीज उपकेंद्राकडे उलटी वाहते आणि व्होल्टेज चढतं. त्या वेळी लाईनवरचे आणि बसवरचे कपॅसिटर चालू असले तर ते चढ आणखी वाढवतात. म्हणून सौर जोडलेल्या उपकेंद्रात बसच्या संचावर वेळेचा नव्हे, केव्हीएआर आणि व्होल्टेज दोन्ही बघणारा नियंत्रक हवा, आणि इन्व्हर्टरचं व्होल्ट-व्हार वळण असं बसवायचं की ११.४ केव्हीच्या वर तो केव्हीएआर शोषायला लागेल. टॅपच्या रिलेला उलटा प्रवाह कळतो का, हे चाचणी विभागाकडून एकदा तपासून घ्या. जुन्या रिलेंमध्ये लाईन ड्रॉप कॉम्पेन्सेशन (भार वाढला की बसचं व्होल्टेज वाढवणारी, घटला की उतरवणारी सोय) चालू असेल तर सौरमुळे भार कमी दिसतो, रिले बसचं व्होल्टेज खाली आणतो आणि शेजारच्या सौर नसलेल्या फीडरच्या टोकावरून "मोटार उचलत नाही" असा फोन भर दुपारी येतो. अशा उपकेंद्रात ते कॉम्पेन्सेशन बंद करून साधं स्थिर व्होल्टेजचं सेटिंग ठेवलेलं बरं.